पॅच क्रमांक त्रेसष्ट

पिंपळनेरला, पेठेच्या मागच्या गल्लीत,
शटर अर्धं ओढून
मी पावरी बनवतोय.
भोपळा नाही, बांबू नाही, मेण नाही.
एक काळी पेटी, उंची चार बोटं,
कपाळावर दोन ओळींची हिरवी पट्टी
आणि एकच गोल बटण. ते इतकं झिजलंय
की एक घर सरकवलं तर कधी दोन घरं जातं.

सुरुवात करवती लाटेपासून.
नुसती ऐकली तर वाटतं, शेजारी ग्राइंडर लागलाय.
तिच्या बाजूला दुसरी लाट, सात सेंट खाली.
दोघी भांडत नाहीत, पण त्यांचं पटतही नाही.
पावरीच्या दोन नळ्या तशाच असतात.
हे लाहनू चौरेंनी सांगितलेलं नाही,
ते वाजवत होते तेव्हा मीच मोजलं,
मोबाइलवरच्या ट्यूनरवर, खिशातल्या खिशात.

फिल्टर बेचाळीस.
त्रेचाळीसला सनई होते, एक्केचाळीसला नाक चोंदतं.
अटॅक नऊ.
रिलीज शून्य की तीन, यात अख्खा दिवस गेला,
आणि दहिवेलच्या लग्नाची सुपारी तोंडावर.

शुक्रवारी लाहनूबाबा आले,
कुडाशीच्या जीपमधून, मांडीवर पिशवी,
पिशवीतून मोरपिसं बाहेर.
शटरखालून वाकून आत शिरले, टेकले.
मी चार सूर वाजवले.
त्यांनी पेटीकडे पाहिलंच नाही,
माझ्या छातीकडे पाहिलं.
"आवाज ते तोच शे.
पन हाऊ मानूस श्वास कवय लेस?"

घेतच नाही, मी म्हटलं, तीच तर सोय आहे, बाबा.
बोट दाबून ठेवा, रात्रभर चालेल.
ते हसले.
पावरीवालाही थांबत नाही,
गालात हवा साठवतो, नाकाने ओढतो,
सूर तुटत नाही.
पण त्या घडीला तो थोडा बसतो.
त्यांनी वाजवून दाखवलं:
कांद्याची भरली ट्रॉली मोरीवरून जाताना
एक चाक खाली जातं, वर येतं,
आणि एकही कांदा पडत नाही.

मी एलएफओ लावला. सूर पाळण्यासारखा हलू लागला.
"हाई ते पोरेले झोपाडी दी."
वेग बदलला. लाटेचा आकार बदलला.
रँडमवर टाकला तर सूर
देशी प्यायल्यासारखा गटारीत गेला.
शेवटी ते काम पेटीकडून काढून घेतलं,
बेंड व्हीलवर दिलं, माझ्या डाव्या अंगठ्याला.
किती सेकंदांनी दाबू? मी पेन उघडून विचारलं.
"मोजू नको.
तू बी ले ना श्वास."

मग सेव्ह.
नावाला दहा घरं, तीही इंग्रजी अक्षरांची.
लाहनू चौरे त्यात मावत नाही.
पावरी लिहिलं, पाच घरं उरली.
पेटीच्या पोटात रुपयाएवढी बॅटरी आहे,
ती मेली की आपले सगळे आवाज जातात,
कारखान्याचे तेवढे परत येतात:
पियानो, व्हायोलिन, हेलिकॉप्टर.
म्हणून आकडे वहीतही ठेवतो,
उधारीच्या पानामागे.
फिल्टर ४२. अटॅक ९. रिलीज ३.
डावा अंगठा, आणि पुढे
एक रेघ ओढून सोडून दिलेली.

दहिवेलला वरात देवळापाशी अडली.
पोरं खांद्यावर हात टाकून गोलात,
आमची गाडी मध्ये, जनरेटरचा धूर, पायांची धूळ.
दुसऱ्या गाण्यापर्यंत मी मोजतच होतो,
अकरा, बारा, दाब. अकरा, बारा, दाब.
तिसऱ्यात धूळ नाकात गेली, शिंक आली,
आकडे विसरलो, अंगठा आपोआप घसरला
आणि गोलातले सगळे गुडघे
एकदम, जरासे, वाकले.

बाबा मांडवात पंगतीला होते.
त्यांनी मान वर केली नाही.
वरणात बुडवलेली बट्टी फक्त
तेवढा वेळ
हातातच राहिली.